वाड्याची भिंत आणि शेलची विहीर: प्रवाह आणि उष्णतेचा हिशोब वहीवर कसा मांडायचा

एप्रिलच्या दुपारी पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दीड फुटी दगडी भिंतीला आतून हात लावून बघा. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि आतला दगड गार लागतो. रात्री बारा-एकला तीच भिंत किंचित कोमट लागते, कारण दुपारचं ऊन पलीकडे पोचायला तिला दहा तास लागतात. शेल, म्हणजे चिखल दाबून झालेला अतिबारीक कणांचा खडक; त्यातला वायू विहिरीकडे सरकतो तोही असाच, जवळजवळ त्याच वेगानं. हे नीट कळलं की अपारंपरिक, म्हणजे साध्या विहिरीनं सहज न निघणाऱ्या, तेल-वायूमधला प्रवाहाचा आणि उष्णतेचा निम्मा हिशोब एकाच सूत्रावर उरकता येतो.

पेट्रोलियम इंजिनिअरिंगची तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहितो आहे. मेकॅनिकल शिकून हिंजवडीत सिम्युलेशनच्या कामाला लागलेल्यांनाही तो उपयोगी पडेल. सॉफ्टवेअर उघडण्याआधी वही, पेन आणि एक्सेलची एक शीट घेऊन बसा.

पहिली पायरी: खडक कोणता, एककं कोणती

हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम मांडताना वाळूच्या थरातून पाणी किती वेगानं जातं याचा नियम दिला. दाबाचा उतार जितका जास्त तितका वेग जास्त, आणि द्रवाचा चिकटपणा जितका जास्त तितका वेग कमी. खडकाचा वाटा ज्या आकड्यात येतो ती पार्यता, म्हणजे परमिॲबिलिटी. ती दार्सी या एककात मोजतात. चांगल्या वाळूखडकाची पार्यता दहापासून हजार मिलिडार्सीपर्यंत असते. शेलची असते काही दहा ते काही शे नॅनोडार्सी, म्हणजे मिलिडार्सीच्या दहा लाखाव्या भागात मोजण्याइतकी.

हा फरक घरी बघायचा असेल तर दोन इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर लांबीचे दोन तुकडे घ्या. तळाला कापड बांधा. एकात चाळलेली वाळू भरा, दुसऱ्यात रांगोळीची पूड. दोन्हींत सारखं पाणी ओता आणि खाली पेलाभर जमायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. कणाचा व्यास दहाव्या हिश्शावर आला की पार्यता साधारण शंभराव्या हिश्शावर येते. रांगोळीच्या पाइपाखाली थेंब-थेंब जमणारं पाणी एकदा बघितलं की हा व्यासाच्या वर्गाचा नियम डोक्यातून जात नाही. शेलचे कण आणि छिद्रं त्याहून कितीतरी बारीक असतात. छिद्रं बहुतेक ५ ते ५० नॅनोमीटरची.

आता एककं. सगळं मीटर, सेकंद आणि पास्कलमध्ये आणा. १ नॅनोडार्सी म्हणजे जवळजवळ १० चा उणे २१ वा घात चौरस मीटर. १ बार म्हणजे बरोबर १ लाख पास्कल, त्यामुळे आपल्या लाख-कोटीत दाब चटकन बसतो: २०० बार म्हणजे २ कोटी पास्कल. विद्यार्थी असताना एका अहवालात मी नॅनोच्या जागी मिली धरलं होतं. उत्तर आलं की विहिरीचा दाब वर्षभरात १६ किलोमीटर दूर पोचतो, म्हणजे स्वारगेटवरून निघून जवळपास खडकवासल्यापर्यंत. सरांनी कागद परत दिला आणि एवढंच म्हणाले, "अंतर नकाशावर टाकून बघ." ती सवय तुम्हीही लावून घ्या.

दुसरी पायरी: विसरणांक काढा

या पायरीवर वेळ घालवा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. दाब खडकात किती झपाट्यानं पसरतो ते सांगणारा आकडा म्हणजे दाबाचा विसरणांक. वर पार्यता, खाली तीन गोष्टींचा गुणाकार: सच्छिद्रता, चिकटपणा आणि दाबानं आकसण्याचं प्रमाण.

उदाहरण म्हणून २,००० मीटर खोलीवरचा शेल घेऊ. पार्यता १०० नॅनोडार्सी, म्हणजे १० चा उणे १९ वा घात. सच्छिद्रता ५ टक्के. दाब २०० बार. एवढ्या दाबाला मिथेनचा चिकटपणा सुमारे २ भागिले १ लाख पास्कल-सेकंद. वायूचं आकसण्याचं प्रमाण ढोबळमानानं दाबाच्या व्यस्त, म्हणजे १ भागिले २ कोटी. भागाकार करा. उत्तर येतं सेकंदाला २ भागिले १० लाख चौरस मीटर.

आता दगडातून उष्णता पसरण्याचा विसरणांक बघा. बेसॉल्ट असो, वाळूखडक असो वा शेल, तो सेकंदाला १ भागिले १० लाख चौरस मीटरच्या आसपास असतो. दोन्ही आकडे एकाच पंगतीतले. १०० मिलिडार्सीच्या, २० टक्के सच्छिद्र वाळूखडकात मात्र दाबाचा विसरणांक सेकंदाला अर्धा चौरस मीटर येतो, उष्णतेच्या पाच लाखपट. तिथे दाब धावतो आणि उष्णता रांगते. शेलमध्ये दोघंही रांगतात.

कुठवर पोचतील? विसरणांकाला सेकंदांनी गुणा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. आपल्या शेलमध्ये एका वर्षात दाबाची खबर सुमारे १६ मीटर जाते आणि उष्णतेची ११ मीटर. त्या वाळूखडकात दाब एका दिवसात ४०० मीटरच्या पुढे जातो. वाड्याची भिंत याच नियमावर चालते. रोजच्या ऊन-थंडीची लाट दगडात दर १७ सेंटिमीटरला ३७ टक्क्यांवर येते, म्हणून दीड फुटानंतर सातेक टक्केच उरते, तीही दहा तास उशिरा.

तिसरी पायरी: भेगांचं क्षेत्रफळ आणि पहिला उत्पादन-अंदाज

वर्षाला १६ मीटर सरकणाऱ्या वायूची वाट बघत बसण्यापेक्षा विहिरीनंच त्याच्या दारात जायचं. आडवी विहीर आणि जलभंजन (उच्च दाबाच्या पाण्यानं खडकात भेगा पाडणं) यांचं कारण एवढंच. पुणेकराला हे समजायला टेक्सासला जायला नको. सोसायटीत बोअर मारताना उभं राहून बघा. हातोडा काळ्या पाषाणात तास न् तास चालतो, कॉम्प्रेसर कोरडी राखाडी भुकटी वर फेकत राहतो, आणि मग एखाद्या फुटावर भुकटी अचानक ओली होते, चिखल उडतो, गाडीवाला हात वर करतो. दगड तोच असतो, फक्त भेग लागलेली असते. आपल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अपारंपरिक उपाययोजनांमध्ये बोअरवेलचं जलभंजन आहेच: पॅकर, म्हणजे बोअर बंद करणारं बूच, लावून उच्च दाबानं पाणी सोडायचं आणि बुजलेल्या भेगा मोकळ्या करायच्या. तेल-वायूत तत्त्व तेच, प्रमाण अवाढव्य, शिवाय भेग मिटू नये म्हणून पाण्याबरोबर वाळू जाते. व्यापारी जलभंजन १९४९ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. पातळ, घर्षण कमी करणाऱ्या रसायनाचं पाणी वापरून शेल परवडण्याजोगा करण्याचं काम टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं १९९० च्या दशकाअखेर केलं. आपल्याकडे ओएनजीसीनं दुर्गापूरजवळच्या इच्छापूरला शेलमधून वायू काढून दाखवला तो जानेवारी २०११ मध्ये.

हिशोब असा. १,८०० मीटर आडवा पल्ला, त्यात ६० भेगा, दोन भेगांत ३० मीटर. प्रत्येक भेग विहिरीच्या दोन्ही अंगांना १०० मीटर लांब, ४० मीटर उंच. दोन पंख आणि दोन पृष्ठं मिळून एका भेगेचं क्षेत्रफळ १६ हजार चौरस मीटर, साठांचं ९ लाख ६० हजार. विहिरीतला दाब ५० बार ठेवला तर फरक १५० बार.

भेगेच्या पृष्ठाशी दाबाचा उतार काढायला या १५० बारला पाय (π), विसरणांक आणि वेळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळानं भागा. ३० दिवसांनंतर हे वर्गमूळ ४ मीटर येतं. उताराला पार्यता भागिले चिकटपणा यानं गुणा, मग क्षेत्रफळानं. भूगर्भातल्या दाबाचा वायू दिवसाला सुमारे १,५४० घनमीटर मिळतो. वर येताना तो ढोबळमानानं शंभरपट फुगतो, म्हणजे दिवसाला दीड लाख घनमीटर. त्याच खडकात ४० मीटर उंचीची साधी उभी विहीर, भेगांशिवाय, जेमतेम ४० घनमीटर देईल.

वर्गमूळामुळे घसरणही ठरून जाते. ३० व्या दिवशी दीड लाख, तर १२० व्या दिवशी निम्मं, ७७ हजार. २७० व्या दिवशी तिसरा हिस्सा, ५१ हजार. पहिल्या महिन्याच्या आकड्यावर पाच वर्षांचं उत्पन्न बेतणाऱ्यांना हा तक्ता आधी दाखवायला हवा. अशा विहिरींची सुरुवातीची घसरण हा बिघाड नसतो. तो खडकाचा स्वभाव असतो.

हा नियम शेजारच्या दोन भेगांची खबर मध्यावर भेटेपर्यंतच टिकतो. अर्धं अंतर १५ मीटर. त्याचं अर्धं, ७.५. त्याचा वर्ग भागिले विसरणांक: साधारण अकरा महिने. त्यानंतर मधला पट्टा आटायला लागतो आणि उत्पादन वर्गमूळापेक्षा झपाट्यानं पडतं. भेगा १५ मीटरवर घेतल्या तर ही वेळ चौथ्या हिश्शावर येते. भेगांतलं अंतर ठरवणं म्हणजे वायू लवकर हवा की खर्च कमी हवा, याचा सौदा असतो.

एक दुरुस्ती जोडा. नॅनोमीटरच्या छिद्रात मिथेनच्या रेणूंच्या भिंतीवरच्या धडका दुर्लक्षिण्याजोग्या राहत नाहीत आणि वायू भिंतीवरून घसरत पुढे जातो. २०० बारला रेणू एका धडकेपासून दुसऱ्या धडकेपर्यंत अर्धा नॅनोमीटर जातो. हे अंतर छिद्राच्या व्यासानं भागा, आठानं गुणा, एक मिळवा. १० नॅनोमीटरच्या छिद्रात पार्यता जवळजवळ दीडपट निघते, आणि ५० बारला दुपटीच्या पुढे. दाब उतरला की वायूला वाट सोपी होते. प्रयोगशाळेत कमी दाबावर मोजलेली पार्यता म्हणूनच फसवी असते. कुठल्या दाबाला मोजली ते विचारल्याशिवाय ती वापरू नका.

चौथी पायरी: भेग वायू वाहून नेते का

इथे फार थांबायची गरज नाही. मोकळ्या भेगेतून जाणारा प्रवाह रुंदीच्या घनावर चालतो: रुंदी दुप्पट, प्रवाह आठपट. वाळूनं भरलेल्या भेगेसाठी वाळूची पार्यता गुणिले रुंदी, भागिले खडकाची पार्यता गुणिले भेगेची लांबी, असं प्रमाण काढा. ते ३० च्या वर असेल तर भेगेतला रोध विसरा. १० दार्सीची वाळू आणि ३ मिलिमीटर रुंदी घेतली तर आपल्या उदाहरणात ते ३,००० येतं. धोका वेगळाच असतो: वाळू चुरडली, शेलमध्ये रुतली किंवा विहिरीच्या तोंडाशीच वाहून गेली तर हा आकडा कागदावरच राहतो. म्हणून तो दहाव्या, मग शंभराव्या हिश्शावर आणून हिशोब पुन्हा करून बघा.

पाचवी पायरी: विहिरीतली उष्णता, खाली जाताना आणि वर येताना

२,००० मीटरवर खडक किती गरम? पृष्ठभागाला २७ अंश आणि किलोमीटरला ३० अंश धरले तर ८७. आता जलभंजनासाठी त्यात सेकंदाला १५० लिटर पाणी सोडलं जातंय. सोसायटीत येणारा १० हजार लिटरचा टँकर ६७ सेकंदांत रिकामा, असे दोन तासांत १०८ टँकर. हे पाणी तळाला पोचेपर्यंत किती तापेल? वर्गात विचारलं की बहुतेक हात साठ-सत्तर अंशांना वर जातात.

विहिरीतल्या उष्णतेसाठी पेट्रोलियम अभियंता हेन्री रॅमी यांची १९६२ ची पद्धत वापरा. पाण्याचा सेकंदाचा वस्तुमान-प्रवाह गुणिले विशिष्ट उष्णता गुणिले कालघटक (वेळेनुसार बदलणारा गुणक), भागिले दोन पाय (२π) गुणिले खडकाची उष्णतावाहकता. यातून एक लांबी मिळते. पाण्याला खडकाचं तापमान धरायला साधारण किती लांबीची विहीर लागेल, ते ती सांगते. रॅमींचा स्वतःचा कालघटक आठवडाभरानंतर विश्वासू ठरतो. तासांच्या हिशोबाला हसन आणि कबीर यांचं सूत्र घ्या: विसरणांक गुणिले वेळ भागिले त्रिज्येचा वर्ग, या संख्येचं वर्गमूळ काढा, १.१२८१ नं गुणा, आणि मग १ वजा त्या वर्गमूळाचे तीन दशांश यानं गुणा. ही संख्या १.५ पर्यंत असेल तरच ते लागू पडतं. १० सेंटिमीटर त्रिज्या आणि दोन तास घेतले तर कालघटक ०.७१ येतो. उष्णतावाहकता २.५ धरली तर लांबी निघते २८ किलोमीटर.

विहीर आहे दोन किलोमीटरची. पाणी तापतं सुमारे २ अंश. घर्षणात १०० बार गेले तर त्यानंच ते आणखी सव्वादोन-अडीच अंश तापतं. ८७ अंशांच्या खडकाच्या तोंडाशी तिशीतलं पाणी येतं. याचा थेट परिणाम रसायनांवर होतो. वाळू वाहून नेणारं घट्ट जेल पंपिंगनंतर मोडायला जो ब्रेकर घालतात तो ८७ अंशांवर बेतला तर तोंडाजवळ, जिथे थंड पाण्याचा मारा शेवटपर्यंत चालू असतो, तो आळसावतो. भेगेच्या टोकाशी काही मिलिमीटर जाडीचं पाणी दोन्हीकडून गरम दगडात अडकलेलं असतं, ते लवकर तापतं. म्हणून ब्रेकर दोन्ही तापमानांना तपासायचा. दोन तासांत खडक थंड होतो तो भेगेपासून फक्त १७ सेंटिमीटरपर्यंत. वाड्याच्या भिंतीतला १७ आणि हा १७ निरनिराळ्या वाटांनी आले आहेत, पण दगडाचा स्वभाव दोन्हीकडे एकच.

वर येताना वायूची गोष्ट उलटी. चोकमधून, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवरणाऱ्या अरुंद झडपेतून, दाब उतरला की वायू गार होतो, ढोबळमानानं बारला ०.४ अंश. १०० बारवरून ४० बारला आणला तर २३-२४ अंश. ३० अंशांचा वायू सहा-सात अंशांवर. शुद्ध मिथेनचा हायड्रेट (पाणी आणि वायू मिळून होणारा बर्फासारखा घन) ४० बारला चार-पाच अंशांच्या खाली जमतो, पण इथेन-प्रोपेन मिसळलेल्या वायूत दहा-बारा अंशांनाही जमू शकतो. पाण्याचा अंश असेल तर बर्फासारखा गोळा पाइप बंद करतो. उपाय दोन: चोकच्या आधी हीटर, किंवा मिथेनॉल वा ग्लायकॉल. पुण्याच्या थंडीतली सकाळ नव्हे, तर हा चोक तुमची सर्वांत थंड जागा आहे, असं धरून चाला.

सहावी पायरी: तेल जिथे उष्णतेशिवाय हलत नाही

जानेवारीत साजूक तुपाची बरणी उलटी केली तरी तूप पडत नाही, आणि गॅसजवळ ठेवली की पाच मिनिटांत ओतता येतं. राजस्थानातल्या बाडमेरच्या मंगला क्षेत्राचं मेणयुक्त तेल असंच आहे. २००४ मध्ये सापडलेलं हे तेल २००९ पासून निघतं आणि गुजरातच्या किनाऱ्याकडे सुमारे ६७० किलोमीटरच्या तापवलेल्या, लपेटलेल्या पाइपलाइनीतून साधारण ६५ अंशांच्या वर ठेवून नेतात. मेण आणि चिकटपणा या दोन अडचणी मात्र वेगळ्या धरा. मेणासाठी तूप, चिकटपणासाठी काकवी. फ्रिजमधली चमचाभर काकवी कलत्या ताटलीवर सोडा, मग कोमट केलेली सोडा, आणि दोन्हींना तळाशी यायला लागलेले सेकंद लिहून ठेवा.

जड तेलाच्या खडकात वाफ सोडायची तर आधी वाफेचा ताळा करा. तेलासह १ घनमीटर खडक ५० वरून २०० अंशांवर न्यायला साधारण ३६० मेगाज्यूल लागतात. २०० अंशांची वाफ पाणी होताना किलोला १.९४ मेगाज्यूल देते, म्हणजे १८५ किलो वाफ. ३० टक्के सच्छिद्रतेत तेलाचा वाटा ७० वरून १५ टक्क्यांवर उतरवला तर मिळतं १६५ लिटर तेल. लिटरभर तेलाला १.१ लिटर पाण्याची वाफ. प्रत्यक्षात दुपटी-तिपटीनं का लागते? कारण वरचे-खालचे थर उष्णता ओढतात, पुन्हा त्याच वर्गमूळानं. तीन वर्षं तापत राहिलेल्या थराची एका बाजूची गळती ११ मीटर जाड खडक पूर्ण तापवण्याइतकी होते. पाच मीटरच्या थरात वाफ सोडणारा माणूस मुख्यतः छत आणि फरशी तापवत असतो. उत्तर गुजरातच्या बलोल आणि संथाल क्षेत्रांत ओएनजीसीनं वेगळी वाट धरली. हवा सोडून खडकातलंच थोडं तेल जाळायचं आणि उष्णता जागेवर निर्माण करायची.

सातवी पायरी: एक्सेलवर ताळा

शीटमध्ये ३० स्तंभ घ्या, प्रत्येक अर्ध्या मीटरचा: भेगेपासून मध्यापर्यंतचे १५ मीटर. पहिल्या ओळीत सगळीकडे २००. भेगेकडच्या कडेला कायम ५०. पुढची प्रत्येक ओळ १२ तासांनंतरची. घराचं नवं मूल्य म्हणजे जुनं मूल्य अधिक ०.३५ गुणिले (डावं वजा स्वतःची दुप्पट अधिक उजवं). शेवटच्या स्तंभाला उजवं म्हणून त्याचंच मूल्य द्या, कारण मध्यरेषेपलीकडून काही येत नाही. ७३० ओळी ओढल्या की वर्ष झालं. ०.३५ हा आकडा विसरणांक गुणिले वेळेचा टप्पा भागिले अंतराच्या टप्प्याचा वर्ग. तो ०.५ च्या वर गेला की शीटमध्ये उणे दाब दिसायला लागतात. मग वेळेचा टप्पा कमी करा. विसरणांकाच्या जागी उष्णतेचा आकडा टाकला आणि २००-५० च्या जागी अंश सेल्सिअस लिहिले की हीच शीट थंड होणाऱ्या खडकाची होते.

पहिल्या स्तंभाशी असलेल्या दाबाच्या उतारावरून दररोजचं उत्पादन काढा, आणि उत्पादन व दिवस दोन्ही लॉग मापावर मांडा. रेघ उणे अर्ध्या उतारानं खाली आली तर मांडणी बरोबर. अकराव्या महिन्याच्या आसपास ती खाली वाकायला हवी. पहिल्या दोन-चार दिवसांचे बिंदू रेघेबाहेर दिसतील. अर्ध्या मीटरची घरं तेवढ्या लवकरच्या काळाला फार मोठी असतात, ते बिंदू सोडून द्या. खऱ्या विहिरीच्या आकड्यांतही पहिले आठवडे सोडायचे, कारण तेव्हा वायूबरोबर जलभंजनाचं पाणी परत येत असतं आणि भेगेतला रस्ता दोघांत वाटला जातो. रेघ त्यानंतरच्या बिंदूंवरून ओढा.